मानेतली प्रत्येक गाठ टीबीची नसते

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

थोरल्या दवाखान्यात रुजू झालीस हे तुझ्या आईकडून कळलं. तुझ्या ओपीडीत एआरटी सेंटरवरून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावरून, पेशंट येतील, म्हणून हे पत्र.

बारा-तेरा वर्षांपूर्वी गडहिंग्लजकडची एक बाई माझ्याकडे आली. पस्तिशीची. मानेत लिंबाएवढी गाठ, संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन उतरलेलं. एचआयव्ही आहे म्हटल्यावर मी टीबीच धरला. आपल्याकडे बहुतेक वेळा तोच निघतो. तुकडा न तपासता औषधं सुरू केली. दोन महिन्यांत गाठ मोसंबीएवढी झाली. मग अख्खी गाठ काढून तपासली, तर लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, आणि तोवर पोटात पसरलेला. ते दोन महिने माझ्यामुळे गेले. ताप, घाम, वजन घटणं, दोन्ही रोगांत हेच दिसतं. म्हणून औषधापूर्वी तुकडा. नुसत्या सुईच्या तपासणीवर लिम्फोमा कित्येकदा निसटतो.

एचआयव्हीच्या पेशंटमध्ये कॅन्सर तरुण वयात येतो आणि बराच पसरून समोर येतो. लिम्फोमा तर गाठी सोडून आतडं, मेंदू, हाडाचा मगज, कुठेही उगवतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा धोका एचआयव्ही असलेल्या बाईला सहापट. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलंय, या बायकांची एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणी पंचविशीपासून, दर 3 ते 5 वर्षांनी करा. आपल्या बायका अंगावरून जाणं महिनोन्‌महिने अंगावर काढतात. त्या स्वतःहून बोलणार नाहीत, तूच विचार.

आता उपचार. ‘एचआयव्ही आहे, झेपणार नाही’ म्हणून केमोचा डोस आधीच निम्मा करणारे डॉक्टर मी पाहिलेत. मला त्याचा राग येतो. एआरटी चालू असेल, व्हायरस दबलेला असेल, तर लिम्फोमाला पूर्ण उपचार द्यायचे. निकाल इतर पेशंटच्या जवळपास येतात. अर्धवट उपचारांनी माणूस जातो आणि दोष एचआयव्हीला लागतो.

औषधांची गाठ मात्र नीट सोडव. एआरटीतलं झिडोव्हुडिन रक्त कमी करतं, केमोसोबत नको. एआरटीतलंच रिटोनाव्हिर चालू असताना केमोचं व्हिन्क्रिस्टिन दिलं तर ते शरीरात साठतं, हातापायांच्या नसा जातात. एआरटीतल्या डोल्युटेग्राव्हिरची अशी भांडणं कमी, पण त्याच्या जोडीला टेनोफोव्हिर असतं. केमोचं सिस्प्लॅटिन देताना त्याचा आणि टेनोफोव्हिरचा, दोन्हींचा भार किडनीवर पडतो, किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन बघत राहा. केमो आणि रेडिएशनमध्ये सीडी4, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, घसरतो, तेव्हा जंतुसंसर्ग टाळणारं कोट्रायमोक्साझोल विसरू नकोस.

आणि पेशंटची पिशवी टेबलावर रिकामी करून घे. त्या बाईच्या पिशवीत एआरटीची डबी सीलबंद निघाली. म्हणाली, “बाई, कॅन्सरच्या गोळ्या आल्या म्हंजे ह्या बंदच करायच्या न्हवं?” तिला कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. आणखी एकीची डबी रिकामी होती, गोळ्या वेळेवर घेत होती, पण रक्तवाढीची लोहाची गोळी उपाशीपोटी त्याच घोटाला. लोह आणि कॅल्शियम डोल्युटेग्राव्हिरला अंगात शिरू देत नाहीत. दोन्ही जेवणासोबत घे, नाहीतर लोहाच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर, एवढं सांगायला मिनिट लागतं.

केसपेपरवर लाल शाईने एचआयव्ही लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबव. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती माहिती गुप्त आहे, आणि त्यावरून उपचार नाकारताही येत नाहीत.

एखादी गाठ अडली तर रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझी,
डॉक्टरमावशी