रोमकर १३ वाचून ग्रामसभेत गप्प बसायचं का?

गावातल्या भाटाच्या (बागायतीच्या) जमीन-रूपांतराचा, म्हणजे जमिनीचा वापर बदलण्याचा, विषय ग्रामसभेत येणार आहे, विरोध करावासा वाटतो, पण अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो, मग ख्रिस्ती माणसाने काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

विरोध करा. रोमकर १३ चं पहिलंच वचन सुटं काढून वाचतात, तिथे घोळ होतो. चौथ्या वचनापर्यंत जा. पौल अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो, तेही तुमच्या हितासाठी नेमलेला. म्हणजे त्याच्या वरही कोणी आहे आणि त्याचं काम ठरलेलं आहे.

ही मर्यादा फार जुनी. बायबलच्या जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या १७:१४-२० नुसार राजाने घोडे, बायका आणि सोनं-रुपं वाढवायचं नाही. नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यायची आणि जन्मभर रोज वाचायची, भावांपुढे त्याचं मन चढून जाऊ नये म्हणून. शलमोन राजाने तिन्ही गोष्टी मोडल्या: १२,००० स्वार, एका वर्षात ६६६ किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं, ७०० राण्या.

पण तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं प्रकरण १ राजे २१. इस्राएलचा राजा अहाब याला राजवाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. चांगला मोबदला देऊ केला होता, तरी वाडवडिलांचं वतन म्हणून नाबोथाने नकार दिला, आणि तो त्याचा हक्कच होता; लेवीय २५:२३ प्रमाणे जमीन देवाची, ती कायमची विकायची नाही. मग त्याची राणी ईजबेलीने अहाबाच्या नावाने पत्रं लिहिली, त्याची मोहर लावली आणि गावच्या वडीलधाऱ्यांना पाठवली. उपास जाहीर झाला, दोन खोटे साक्षीदार उभे राहिले, देवाला आणि राजाला शिव्या दिल्याचा आरोप ठेवला, गावाबाहेर नेऊन नाबोथाला दगडमार केला. कागदावर सगळं कसं रीतसर! साक्षीदारही नियमाप्रमाणे दोन. चुकलं ते वडीलधाऱ्यांचं. अनुवाद १९:१८ त्यांना कसून चौकशी करायला सांगतं, त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पत्रं अहाबाने लिहिली नव्हती, तरी एलीया संदेष्ट्याने खुनाचा जाब त्यालाच विचारला.

म्हणून ग्रामसभेत प्रश्न विचारणं ही बंडखोरी नाही. जमिनीचे कागद मागा, हरकत लेखी द्या, ती इतिवृत्तात नोंदली गेली का ते तिथेच पाहा. पौलानेही हेच केलं. फिलिप्पै शहरात त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडायला निघाले. त्याने नकार दिला: आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावं. ते आले (प्रेषितांची कृत्ये १६). पुढे रोमी सुभेदार फेस्तासमोर त्याने सरळ कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली.

मात्र निषेध म्हणून घरपट्टी थकवू नका. त्याच रोमकर १३ चं सातवं वचन कर द्यायला सांगतं, आणि ते वचनही तितकंच पाळायचं आहे.