आधी कुंपण मोज

अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. 'निरागस' हा शब्द एकतीस वेळा आलाय. आणि शेवटी विचारतेस, पुढे काय लिहू? काही लिहू नकोस. आधी मोज.

जर्मन चित्रकार रुंगेच्या 'ह्युल्झेनबेक मुलं' या चित्रावर तीन पानं, आणि त्यात कुंपणाचं नाव नाही! मूळ चित्र हांबुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात आहे, १८०५-०६ सालचं, १३१.५ × १४३.५ सेंमी. मोबाइलवर बघून त्यावर लिहिता येत नाही. एक पंचमांश आकाराची प्रत काढ, रुंदी २८.७ सेंमी. उंची २६.३ भरली नाही, तर प्रतिमा कुणीतरी कातरलेली आहे, टाकून दे. प्रत मोठ्या ड्रॉइंग पेपरवर चिकटव, रेषा बाहेर गेल्या तर जागा हवी. मग घराकडे पळत जाणाऱ्या कुंपणाची वरची कड, खालची कड आणि मधली आडवी फळी मोजपट्टीनं पुढे वाढव. तिन्ही रेषा नेमक्या एका बिंदूत मिळणार नाहीत, छोटा त्रिकोण होईल. त्याचा मध्य धर. तिथून आडवी रेषा मार: ती बघणाऱ्याच्या डोळ्याची पातळी. जमीन उताराची असेल तर बिंदू सरकतो, म्हणून मागे दूरवर दिसणाऱ्या हांबुर्गच्या क्षितिजाशी ताडून बघ. कुंपण वळलं की बिंदूही वेगळा. दोन बाजूंच्या रेषा एकत्र करू नकोस. इथेच सगळे घसरतात.

आता ती रेषा मुलांच्या अंगावरून कुठून जाते, ते बघ. रुंगेनं डोळा खाली आणलाय, म्हणून ही पोरं हांबुर्गजवळच्या आइम्सब्युटेलच्या त्या बागेत धिप्पाड वाटतात. गाड्यातल्या धाकट्यानं सूर्यफुलाचं पान मुठीत धरलंय. ती पकड बघ, मग 'निरागस' म्हण, हिंमत असेल तर.

इंग्रज चित्रकार रेनॉल्ड्सचं 'द एज ऑफ इनोसन्स' (निरागसतेचं वय) हे चित्र पुरावा म्हणून दिलंस. पण ते नाव त्याचं नव्हेच. तो गेल्यावर १७९४ साली निघालेल्या छापचित्रावर ते आलं. म्हणजे तू चित्र नाही, चित्राखालची पाटी वाचलीस.

हे कोरडं वाटेल. मी भावना मारतो असं म्हणतात, ऐकून आहे. पण न मोजता लिहिलेली भावना कुठल्याही चित्राला चिकटते, हे चांगल्या लिहिणाऱ्या पोरांनाही कळत नाही, आणि तू चांगलं लिहितेस, म्हणूनच चिडलोय.

शनिवारपर्यंत त्या त्रिकोणाचा फोटो पाठव. निबंध नको.