गोव्याहून आणलेल्या बोटीचं इंजिन बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या पाण्यात फुल थ्रॉटलला (पूर्ण वेग दिल्यावर) 4900 आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) वर का जात नाही?

इंजिन अजिबात उघडू नका. 40 एचपीचं फोर-स्ट्रोक, गोव्यात दोन माणसांवर 5300 आरपीएम, हिडकलला सहा माणसं बसली की 4900, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या इंजिनच्या पुस्तकात फुल थ्रॉटलला 5000 ते 6000 दिलंय. इंजिनात दम आहे, पंखा (पाण्यात फिरणारा प्रोपेलर) जड पडतोय.

चार माणसं वाढली हे तर आहेच. पण आपल्याकडं एक गोष्ट कुणी धरत नाही. हिडकलचं पाणी समुद्रसपाटीपासून साधारण 660 मीटर उंचीवर आहे. दर 300 मीटरला हवा विरळ होऊन इंजिनची ताकद अंदाजे 3 टक्के घटते. किनाऱ्यावर बरोबर बसलेला पंखा घाट चढून वर आला की जड होतो.

पंख्यावर 13 पीच कोरलंय म्हणता. म्हणजे घट्ट वस्तूत स्क्रूसारखा फिरला तर एका फेऱ्यात तो 13 इंच पुढं जाईल. पीच 1 इंच उतरवला की 150 ते 200 आरपीएम वाढतात. तुम्ही 10 पीचचा बसवा, सहा माणसांवर साधारण 5400 मिळतील. मग दोनच माणसं घेऊन एकदा पळवा, 6000 ओलांडत असेल तर 11 घ्या. माझं मत विचाराल तर रोज जेवढी माणसं नेता तेवढ्यावरच पंखा ठरवा.

"चालतंय की" म्हणून तसंच ठेवू नका, ही कळकळीची विनंती. ऊस भरलेली ट्रॉली चढाला टॉप गिअरमध्ये ओढली तर ट्रॅक्टरचं काय होतं ते आपल्या भागात सांगायला नको. तसंच इथं. कमी फेऱ्यांत पूर्ण भार पडला की इंजिन तापतं, कार्बन धरतं. माझ्याकडं आलेल्या एका इंजिनचा पिस्टन असाच गेला होता. वर्षभर आवाज जड येत होता, मालक दर वेळी प्लगच बदलत होते.

नवा पंखा घेण्याआधी थ्रॉटलची केबल पूर्ण उघडते का आणि बोटीच्या बुडाला शेवाळ आहे का, तेवढं बघा. जुनाच पंखा हातोडीनं ठोकून पीच कमी करून देतो म्हणणारे भेटतील. ॲल्युमिनियमला चीर जाते, पाती सारखी राहत नाहीत, मग हादरे बसतात. नको ते.

चाचणी वारा कमी असताना सकाळी घ्या, जाऊन येऊन दोन्ही दिशांना. किल-स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारा स्विच) दोरी मनगटाला हवीच.

आणि पंखा काढाल तेव्हा तो बसतो त्या शाफ्टवर (दांड्यावर) हाताचं बोट फिरवून बघा. धरणात मासेमारीच्या जाळ्यांचा नायलॉन धागा पंख्यामागं गुंडाळतो आणि हळूहळू सील (पाणी आत जाऊ न देणारी रबरी कडी) कापतो. गिअर ऑइल दुधासारखं पांढरट निघालं तर आत पाणी शिरलंय, आधी सील बदला. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस लावा, नट सुटू न देणारी कॉटर पिन नवी घाला.