मॅडम, गणपतीपर्यंत घेऊ का ह्या गोळ्या?

श्रावण लागला की कुडाळच्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतो, वजन कमी करायचं अमुक घेऊ का, फायदे जास्त की तोटे? गोळी, पावडर, चहा, रूप कुठलंही. गणपतीला मुंबईकर येणार असतात ना. त्यातल्या एकीचं सांगते, ओळख पटेल ते सगळं बदललंय.

तिशीतली, मूल दोन वर्षांचं. पर्समधून डबी काढली, "हर्बल आहे मॅडम, साइड इफेक्ट नाय." लेबल वाचलं तर गार्सिनिया कंबोजिया. म्हटलं, अगो हे तर आपल्या रातांब्याचं भावंड, केरळात माशाच्या कालवणात घालतात! ती हसली आणि डबी परत पर्समध्ये. नुसत्या माहितीने माणूस बदलला असता तर माझी फी कोणी दिली नसती.

तरी माहिती द्यायचीच असते. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे हाच अर्क तपासला, काहींना खरा, काहींना बिनऔषधाचा, वजनात म्हणण्यासारखा फरक नाही. नंतरच्या काही अभ्यासांत उतरलं ते किलोभराच्या आसपास. उलट लिव्हरला सूज आल्याच्या केसेस आहेत. आणि 'हर्बल' डब्यांत सिब्युट्रामिन मिसळलेलं सापडतं, भूक मारणारं औषध, हृदयाला धोका म्हणून २०११ मध्ये आपल्याकडे बंदी आलेलं. तिला छातीत धडधड होतच होती, म्हणून म्हटलं आधी गोळी थांबव आणि फिजिशियनकडे जा.

पुढच्या वेळी कागदावर दोन रकाने आखून दिले. तोटे तिने भराभर लिहिले, पैसे, धडधड, नवऱ्यापासून लपवणं. फायद्यात मात्र, "काकी काही बोलणार नाहीत. आरतीला पुढे उभी राहीन. फोटोत मागे लपावं लागणार नाही."

किलो कुठेच नाही! मी विचारलं, यातलं डबीत काय आहे?

बराच वेळ गप्प. मीही बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की संपलं, हे मला आता जमतं.

मग विचारलं, "लग्नाआधी बारीक होतीस तेव्हा काकी काय म्हणायच्या?"

"काय गो, पोटाक गावना नाय काय?" म्हणजे, खायला मिळत नाही की काय?

बोलली आणि स्वतःच खो खो हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे काकी बोलतलीच!"

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीवाली, म्हणजे प्रसंगापेक्षा त्याबद्दलचा आपलाच हट्टी समज तपासणारी, त्यामुळे काकीचं बोलणं थांबवायच्या मागे मी लागतच नाही. काकी बोलली म्हणजे मी आरतीला मागेच उभं राहायचं, हा नियम तिचा तिनेच केला होता, पुढचं सगळं काम त्यावर केलं. गणपतीत ती पुढे उभी राहिली, त्याच वजनात. थायरॉइड वाढलेला निघाला, त्याचे उपचार वेगळे सुरू झाले.

तुमच्या कपाटात अशी डबी असेल तर मूल अंगावर पीत असताना, किंवा शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. डोळे पिवळे, लघवी गडद, धडधड, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी बंद, आणि डॉक्टरकडे जाताना नुसतं नाव सांगू नका, डबीच न्या. घरच्यांसमोर काढायची लाज वाटत असेल तर लेबलचा फोटो तरी.