वाकलं, तरी पडलं का नाही?

प्रश्न : मुलगा इंग्लंडात शिकतो. त्याने चेशायरमधल्या लिटल मोरेटन हॉलचे फोटो पाठवलेत. काळी लाकडं, पांढऱ्या भिंती आणि सगळं घर तिरकं! पाचशे वर्षं ते उभं कसं? आमच्या नव्या बंगल्याला दर्शनी बाजूने तशाच काळ्या पट्ट्या मारा, असा त्याचा हट्ट आहे. माराव्यात का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी त्या घराचं बोलू. तिथं भार भिंतींवर नाहीच. ओकचे खांब, तुळया आणि तिरके आधार यांचा सांगाडा सगळं पेलतो. मधले चौकोन कामट्या विणून, चिखल-शेण-गवताने लिंपलेले. आपल्या माळवदाच्या घरांतही भिंत ढासळावी आणि खांबांवर माळवद तसंच राहावं, हे मी दुरुस्तीच्या कामांत पाहिलंय.

ओक ओला असतानाच घडवत. वाळला की तो पटाशीला दाद देत नाही. सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा, तुकड्यांवर खुणा कोरायच्या, मग सुटा करून जागेवर उभारायचा. एका लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खाचेत आणि आरपार लाकडी खुंटी. तिची भोकं मुद्दाम किंचित चुकवलेली, म्हणजे ठोकताना सांधा आवळला जातो. पुढे लाकूड वाळतं, आकसतं, पिळवटतं. असा सांधा लवतो, पण सहसा सुटत नाही.

एवढं वाकायला मात्र हौस कारणीभूत. १५०४च्या सुमारास सुरू झालेलं काम टप्प्याटप्प्यानं शंभरेक वर्षं चाललं. त्यात दक्षिणेच्या बाजूवर मागाहून एक लांबलचक दालन चढवलं, वर दगडी लाद्यांचं छप्पर! खालचे मजले त्या वजनाने वाकले.

मुलाला चौकातल्या खिडक्यांचा फोटो मागा. तिथं १५५९ साल कोरलंय. मालक विल्यम मोरेटनचं नाव आहेच, पण सुतार रिचर्ड डेलचंही आहे. आम्हा सुतारांना याचं अप्रूप. इथल्या वाड्यांवर मला असं नाव कुठं दिसलं नाही.

आणि तो काळा रंग? अशा बहुतेक घरांना तो एकोणिसाव्या शतकात फासला गेला. ओक उघडा ठेवला तर करडा पडतो.

आता तुमच्या पट्ट्या. आरसीसीवर त्या नुसती सजावट. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन त्यांना पिळेल, पावसाचं पाणी मागे साचेल, मग वाळवी. माझं ऐकाल तर त्या पैशांत पश्चिमेला रुंद छज्जा काढा. मुलगा ऐकेचना, तर सागाच्या पट्ट्या भिंतीपासून अर्धा इंच सोडून स्क्रूने बसवा. काढून मागची भिंत तपासता येईल.