पाइप घडवायचाय? आधी भोकं, मग आकार

चिमूरकडच्या भाऊंनी विचारलंय ते थोडक्यात असं: घरी खराद आहे, खाटेचे पाय, लाटणी आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल होतात. डेन्मार्कच्या कारागिरांचे तंबाखूचे पाइप फोटोत पाहिले. तसे साग-शिसमात होतील का, स्वतःची शैली कशी येते आणि त्यावर घर चालेल का?

साग नको, शिसमही नको. सागात तेल असतं, तापलं की त्याचा वास धुरात उतरतो. शिसमाच्या धुळीने कित्येकांच्या अंगावर पुरळ उठते. शिवाय खोडाच्या लाकडाचे रेषे एकाच दिशेने धावतात, आतून निखारा आणि बाहेरून गार हवा लागली की त्या रेषेवरच चीर जाते. म्हणून ब्रायर वापरतात. भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुडाशी, खोड आणि मुळाच्या मधे जी गाठ धरते ती म्हणजे ब्रायर. तिचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात. ती ओल पिते आणि चटकन जळत नाही. गाठीचे तुकडे तासन्‌तास पाण्यात उकळून मग महिनोन्‌महिने सावलीत वाळवलेले असतात. तुकडे बाहेरून मागवावे लागतील. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आले तर लगेच हात लावू नका. कागदात गुंडाळून मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवा आणि पावसाळा जाऊ द्या. कोरड्या उन्हाळी हवेत उघडा ठेवलेला तुकडा टोकाकडून तडकतो.

आता शैलीबद्दल. सिक्स्टन इव्हार्सन (१९१०-२००१) मूळचे स्वीडनचे, कोपनहेगनला आले आणि या धंद्यात शिरले ते पाइप दुरुस्तीच्या वाटेने. कारखान्याची रीत अशी होती की आकार ठरलेला, यंत्र ठरलेलं आणि लाकडाने त्यात बसायचं. इव्हार्सन लाकडाच्या रेषा पाहून बाहेरचा आकार आधी काढत आणि भोकं नंतर पाडत. डॅनिश घडणीचं मूळ तिथे आहे. स्टॅनवेल या डॅनिश पाइप कारखान्यासाठीही त्यांनी आकार करून दिले. त्यांचा मुलगा लार्स यांनी ‘ब्लोफिश’ हा फुगीर, दोन्ही बाजूंना असमान आकार रुजवला. नात नॅना तिसऱ्या पिढीत हेच काम करते. जपानचे हिरोयुकी तोकुतोमी सिक्स्टन इव्हार्सनांकडे शिकले आणि परत जाऊन त्यांनी अगदी वेगळी, तिरका तोल साधणारी घडण उभी केली.

पण ‘आधी आकार, मग भोकं’ हे सिक्स्टन इव्हार्सनांना जमलं, कारण भोकं कुठून जाणार हे त्यांच्या नजरेत पक्कं होतं. शिकणाऱ्याने उलट जावं. सुंदर आकार करून शेवटी भोक तिरकं गेलं तर तो पाइप शोकेसमध्ये ठेवण्यापुरता उरतो.

तुकड्याच्या दोन बाजू अगदी समांतर करून घ्या. त्यातल्या एकीवर पेन्सिलीने पाइपची बाजू पूर्ण मापात काढा, दोन्ही भोकांच्या मध्यरेषांसकट. दोन्ही रेषा एकाच पातळीत हव्यात. दांडीच्या तोंडाशी ८ मिमीचं भोक सुमारे २० मिमी खोल घ्या, त्यात तोंडातल्या नळीचं कुसू, म्हणजे आत शिरणारं टोक, बसतं. त्याच्या तळातून पुढे ४ मिमीची धूरवाट. तंबाखूची पोकळी शेवटी घ्यायची, १९ ते २० मिमी रुंद, ४० मिमीच्या आसपास खोल, आणि ड्रिलचं टोक गोलसर घासलेलं हवं. धूरवाट पोकळीच्या अगदी तळाशी, मधोमध उघडली पाहिजे. वर उघडली तर खाली ओली तंबाखू न जळता साचते. पोकळी त्याहून खाली गेली तरी तेच होतं. म्हणून ठरलेल्या खोलीच्या २ मिमी आधी थांबा, टॉर्च मारून पाहा, मग थोडं थोडं उतरा. भिंत कुठेही ६ मिमीपेक्षा पातळ नको, तळ त्याहून जाड ठेवा.

ओढताना गुडगुड आवाज येतो अशी तक्रार नव्या कारागिराच्या पाइपबद्दल हमखास येते. बहुतेक वेळा कारण एकच: कुसू भोकाच्या तळापर्यंत पोचत नाही, मधे फट राहते आणि तिथे वाफ थंड होऊन पाणी जमतं. ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणा. कुसू डेलरिनचं (कणखर प्लास्टिकचं) करा, एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं, पातळ कुसू मोडतं. पाइप साफ करायची लोकरी तार ओठाकडून घातली की न अडता पोकळीत निघाली पाहिजे. अडली तर कुठेतरी पायरी राहिली आहे.

तोंडात धरायची नळी एबोनाइटची. दातांपाशी जाडी ४ मिमीच्या जवळ आणा आणि आतली वाट तिथे पंख्यासारखी रुंद करा. घासताना पाणी वापरा. वाकवायची असेल तर आत तार ठेवूनच तापवा, नाहीतर वाट दबते. तयार पाइप उन्हात ठेवला की एबोनाइट हिरवट-तपकिरी पडतं, तेव्हा दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवू नका.

रेषा वाचायला तुकडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून ओला करा. एका बाजूला उभ्या ज्वाळेसारख्या रेषा दिसतील, तिच्या काटकोनात बारीक ठिपके, त्याला पक्ष्याचा डोळा म्हणतात. उभ्या रेषा वाटीच्या (तंबाखू भरायच्या भागाच्या) भिंतीवर आणि डोळे काठावर आणणं ही रूढ मांडणी झाली. ब्लोफिशमध्ये डोळे दोन्ही गालांवर येतात आणि रेषा कण्यावर. तुमच्या लाकडी बैलाच्या वशिंडापासून पाठीवर जी एक न तुटणारी रेघ उतरते, तीच नजर वाटी आणि दांडीच्या जोडावर हवी. नवखेपणा तिथेच दिसतो.

घासताना मधेच वाळूचा खळगा निघतो. लांबी (पुट्टी) भरून झाकू नका. खळगा लहान असेल तर पृष्ठभाग खडबडीत कोरा, खोल असेल तर तुकडा टाका. बाहेरून स्पिरिटमधला रंग, पातळ लाख आणि कार्नोबा मेण पुरे. पीयू, मेलामाइनसारखं वॉर्निश लावलंत तर उष्णतेने फोड येतात. आत काहीच लावायचं नाही.

विदर्भाची खूण आणायचीच असेल तर दांडी बांबूची करा, ही पद्धत डॅनिश आणि जपानी कारागिरांत मान्य आहे. आपला मानवेल कोरड्या जमिनीत जवळजवळ भरीव येतो आणि बुडाकडची पेरं आखूड असतात. हिवाळ्यात तोडलेला घ्या, पाण्यात भिजवून-उकळून साखर-पिठूळपणा काढा, सावकाश वाळवा. भुंगेरा लागू नये म्हणून बांबूला बोरॅक्सचं पाणी देतात, ते इथे चालणार नाही; त्यातून धूर जाणार आहे. ब्रायर आणि बांबूचा जोड आतून स्टीलच्या नळीवर घ्या, नुसत्या डिंकावर तो टिकत नाही. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात बांबूवरच्या प्रक्रियेची माहिती मिळेल.

घर चालेल का? पहिली काही वर्षं खाटेचे पाय सोडू नका. इव्हार्सनांसारखी दुरुस्ती घ्या: तुटलेली कुसवं, चावलेल्या नळ्या. चांगल्या कारागिरांची कामं उघडून पाहायला मिळतात आणि पैसेही येतात. गिऱ्हाईक बहुतेक बाहेरदेशचं, आणि ते फोटोत आधी कुसू आणि धूरवाट मागतं. पाइपचा धूरही शरीराला घातकच आहे, ‘खर्ऱ्यापेक्षा बरा’ म्हणून कुणाला विकू नका. २००३च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आहे, तेव्हा पाइपच्या फोटोत तंबाखू दाखवू नका.

सुरुवातीला हलक्या प्रतीचे पाच-सहा तुकडे घ्या, आकार न देता फक्त भोकं पाडा, करवतीने उभे चिरा आणि धूरवाट तळाला कुठे भेटली ते मोजा. दोन सलग तुकड्यांत ती मधोमध आली की मग कानस हातात घ्या.