पीडीयू कसे जमवू?

प्रश्न: ताई, मी हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, दोन वर्षांपूर्वी पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र) झाले, दर तीन वर्षांनी त्याच्या रिन्यूअलला ६० पीडीयू (शिकत राहिल्याचे गुण) लागतात पण ऑफिस आणि ट्रॅफिकमधून वेळच उरत नाही, काय करू?

उत्तर: अगं घाबरू नकोस, अजून वर्ष आहे हातात. एक तास शिकलं की एक पीडीयू, ६० पैकी निदान ३५ शिकूनच मिळवायचे, बाकीचे शिकवून, लिहून होतात, रोजच्या कामाचेही ८ पर्यंत धरतात. पुण्यात पीएमआयचं, म्हणजे हे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं, चॅप्टर (स्थानिक शाखा) आहे, त्यांच्या कार्यक्रमांना जा. पण मला विचारशील तर खरं शिक्षण प्रोजेक्ट संपल्यावर होतं, टीमला बसवून काय चुकलं ते कोणाच्या माथी न मारता लिहून काढायचं आणि पुढच्या प्रोजेक्टच्या पहिल्याच मीटिंगला ते उघडायचं, हे आपल्याकडे फार कमी जण करतात गं.